बाळू पालवणकर : मैदानावरचा न्याय आणि मैदानाबाहेरचा

(द्वितीय वर्ष कला)

रविवारी पहाटे विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत पांढरे कपडे घातलेली मुले हमखास दिसतात. कुणी नालासोपाऱ्याला चढतो, कुणी वसईला. खांद्यावरची बॅग जवळजवळ त्यांच्याच उंचीची असते. डब्यात पाय ठेवायला जागा नसली तरी ही मुले बॅगेला मिठी मारून उभी राहतात आणि आझाद मैदान किंवा क्रॉस मैदान गाठतात. चांगले खेळले की संघात जागा मिळेल, या एकाच आशेवर त्यांचा हा प्रवास चाललेला असतो.

हा लोहमार्ग आज पश्चिम रेल्वेचा आहे. 1951 पूर्वी तो बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या रेल्वे कंपनीचा होता. जुनी माणसे तिला ‘बी. बी. सी. आय.’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी या कंपनीच्या नोकरीत एक डावखुरा गोलंदाज होता. कंपनीच्या संघातून तो खेळे, हिंदू जिमखान्याच्या संघातूनही खेळे. आपल्या देशातील पहिला थोर गोलंदाज म्हणून क्रिकेटचे इतिहासकार त्याचे नाव घेतात. चांगले खेळले की संघात जागा मिळते, ही आशा त्याच्या बाबतीत खरी ठरली. परंतु जागा मिळाली म्हणजे मान मिळतोच असे नाही, हेही त्याच्याच आयुष्याने दाखवून दिले. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म 19 मार्च 1876 रोजी धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे आडनाव कोकणातील मूळ गावावरून पडलेले. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि कुटुंब पुण्यात राहत होते. बाळूंच्या पाठीवर शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे भाऊ. पुढे हे चारही भाऊ नामांकित क्रिकेटपटू झाले. एका घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळतात ही गोष्ट आजही सहसा घडत नाही. ज्या समाजाला गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती त्या समाजातून सव्वाशे वर्षांपूर्वी ते घडले, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होते.

क्रिकेटशी त्यांची ओळख झाली ती छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांमुळे. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि शिवराम खेळत असत. शाळा लवकरच सुटली, कारण घराला हातभार लावणे भाग होते. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, तिच्यावरून रोलर फिरवायचा आणि सभासदांना हवे असेल तेव्हा चेंडू टाकायचा, असे काम होते. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, शिवाय जाळी बांधायची आणि टेनिसच्या मैदानावर रेषा आखायच्या.

क्लबाचे सभासद सरावाला येत तेव्हा बाळू त्यांना तासन् तास गोलंदाजी करीत. संथ गतीचा डावखुरा चेंडू, पण त्याला उंची, वळण आणि टप्पा असा काही असे की भलेभले चकत. त्या काळचे नावाजलेले फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या चेंडूवर सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेगसाहेब दर खेपेस आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितलेली आहे. त्या क्लबात शेकडो तास त्यांनी गोलंदाजी केली, पण फलंदाजीची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. फलंदाजी साहेबाने करायची, चेंडू नोकराने टाकायचा. खेळातही कामाची अशी वाटणी ठरलेली होती, आणि ही वाटणी आपल्या देशात नवीन नव्हती.

ग्रेगसाहेबांना झुलवणाऱ्या या गोलंदाजाची कीर्ती गावात पसरली. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियन संघाला हरवायचे होते. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात खल झाला. काही सभासद त्यांना घेण्याच्या बाजूचे होते, काहींना ते मुळीच मान्य नव्हते. अशा वेळी बाळूंसारख्या गोलंदाजाला दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगसाहेबांनी जाहीरपणे सांगितले. अखेर बाळूंना संघात प्रवेश मिळाला. परंतु तो प्रवेश मैदानापुरताच होता.

मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. बाळूंच्या हातून आलेला चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, क्षेत्ररक्षक अडवत होता, त्याने कुणालाही विटाळ होत नव्हता. मात्र चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसून चिनी मातीच्या कपांतून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. ते भांडे नंतर फेकून देत. हातपाय धुवायचे तर अस्पृश्य नोकराने मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी आणून द्यायचे. जेवणाला त्यांचे ताट वेगळे आणि मेजही वेगळे. ज्याने बळी घेतले आणि सामना जिंकून दिला, त्याने बाहेर उभे राहून चहा प्यायचा, आणि ज्यांच्या हातून झेल सुटले त्यांनी आत खुर्चीवर बसायचे! पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी, सुशिक्षित माणसांच्या क्लबात हे चालले होते.

याच काळात साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी सामना झाला. तेथे बाळूंनी सात बळी घेऊन पुणेकरांना विजय मिळवून दिला. पुण्यात परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला, आणि ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत जेवायला कोणती हरकत असावी, असा प्रश्न उपस्थितांपुढे ठेवला असे सांगतात. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. राजकारणात ज्यांची तोंडे दोन दिशांना होती ते दोन पुढारी एका चर्मकार तरुणाच्या गौरवासाठी पुढे आले. चेंडूने एवढे काम मात्र नक्कीच केले.

पुढे प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याला काही सभासदांचा विरोध झाला. तो मावळला आणि ते संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. त्यांच्या पाठोपाठ शिवरामही संघात आले. रेल्वेच्या नोकरीमुळे पोटाचा प्रश्न सुटला होता. मुंबईच्या क्लबात हळूहळू सोवळे सैल झाले. येथे पालवणकर बंधू इतरांबरोबर चहाला आणि जेवणाला बसू लागले. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत यायला सुमारे दहा वर्षे लागली.

1906 सालच्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, स्वदेशीची चळवळ भरात होती. जपानने रशियाला नमवले होते आणि गोऱ्यांना हरवता येते हा विश्वास आशियातील लोकांच्या मनात रुजत होता. या सामन्यात हिंदूंनी पहिल्या डावात 242 धावा केल्या, युरोपियनांनी 191. दुसऱ्या डावात हिंदू 160 वर बाद झाले. विजयासाठी 212 धावा हव्या असताना युरोपियनांचा डाव 102 धावांत कोसळला. हिंदू संघ 109 धावांनी विजयी झाला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्या वेळी सुधारकांच्या वृत्तपत्राने या विजयाचा अर्थ नेमका सांगितला. जात बाजूला ठेवून माणूस निवडला म्हणून हा विजय मिळाला, आणि हाच धडा मैदानाबाहेरही गिरवला पाहिजे, अशा आशयाचे ते लिखाण होते. पुढच्या वर्षापासून युरोपियन, पारशी व हिंदू अशा तिरंगी सामन्यांना आरंभ झाला. 1912 मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि सामने चौरंगी झाले.

बाळूंच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे 1911 चा इंग्लंड दौरा. सगळ्या हिंदुस्थानचा म्हणता येईल असा हा पहिला संघ. परंतु त्याची बांधणी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान अशी धर्मवार वाटणी केलेली आणि कर्णधारपदी पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराज मोजकेच सामने खेळले. इंग्लंडमधील मेजवान्या आणि समारंभ यांतच त्यांचा बराच काळ गेला. संघातील उत्तम फलंदाज मिस्त्री हे महाराजांच्या पदरी असल्यामुळे तेही बहुतेक सामन्यांत उपलब्ध नव्हते. कर्णधारपद हे खेळावरून न ठरता जन्मावरून आणि खजिन्यावरून ठरले की काय होते, याचे हे उदाहरण.

आणि या मोडक्या संघाचा भार कुणी वाहिला? पस्तीस वर्षांच्या बाळूंनी. दौऱ्यात त्यांनी 18.84 च्या सरासरीने 114 बळी घेतले. त्यांपैकी 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. संघ 23 सामने खेळला, त्यांपैकी सहाच जिंकला आणि पंधरा हरला. परंतु लीस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांना त्याने हरवले. लीस्टरशायरविरुद्ध बाळूंची गोलंदाजी आणि सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांचे नाबाद शतक ही त्या दोन विजयांची कारणे. सबंध संघ पराभवाने काळवंडलेला असताना हे दोन भाऊ मात्र यश घेऊन परतले. मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या काळी ज्यांच्यापुढे समाजातील माणसाचे यशस्वी असे फारसे उदाहरण नव्हते त्या तरुणांना बाळू हा केवढा आधार वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी अभिमान वाटत असे.

आता प्रश्न उरला कर्णधारपदाचा. बाळू हे संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू होते. इंग्लंडमध्ये स्वतःला सिद्ध केलेले होते. खेळाची जाण त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. तरीही वर्षामागून वर्षे गेली आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. कर्णधार उच्च जातीचाच असे. त्याचे कारण उघड होते. गोलंदाज हा कर्णधाराचे ऐकतो. कर्णधाराचे मात्र अकरा जणांनी ऐकायचे असते. अस्पृश्याने टाकलेला चेंडू झेलणे लोकांना जमले होते, त्याचा हुकूम झेलणे जमत नव्हते.

ही निवड कोण करीत असे? धावा मोजणारा फलक नव्हे, पंच नव्हे. बंद खोलीत बसलेली समिती करीत असे. मला बाळूंच्या चरित्रातील हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मैदानावरच्या नियमांनी त्यांच्यावर कधी अन्याय केला नाही. त्रिफळा उडाला तर तो उडालाच, मग गोलंदाज कुठल्याही जातीचा असो. अन्याय झाला तो जेथे नियम लिहिलेले नव्हते तेथे. कर्णधार कसा निवडायचा, कोणत्या कसोटीवर निवडायचा, का नाकारले ते कुणाला सांगायचे की नाही, याचे बंधन समितीवर नव्हते. खेळाडूची चूक सगळ्या प्रेक्षकांसमोर होते. समितीची चूक दाराआड होते.

अशा वेळी बदल होतो तो कसा? बाळूंचे बळी वाढत गेले म्हणून तो झाला नाही. बळींचा डोंगर तर आधीच उभा होता. पहिली फट पडली ती एका सवर्ण माणसाच्या प्रामाणिकपणामुळे. एम. डी. पै यांची कर्णधार म्हणून निवड झाली तेव्हा त्यांच्या गौड सारस्वत ज्ञातीने सत्कार केला. त्या सत्काराच्या सभेतच पै यांनी सांगून टाकले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. हार गळ्यात असताना, आपल्याच माणसांसमोर, तो हार दुसऱ्याचा आहे असे म्हणायला धैर्य लागते. क्रिकेटच्या इतिहासात पै यांच्या धावा किती हे फारसे कुणाला आठवणार नाही, पण हे वाक्य बोलणारा माणूस म्हणून त्यांची आठवण राहावी.

दुसरी फट पाडली ती भावांनी. 1920 च्या चौरंगी सामन्यांत मुसलमान संघाविरुद्धच्या लढतीसाठी बाळूंना वगळण्यात आले. पै आजारी होते. त्यांच्या जागी ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल यांना डावलून प्राध्यापक दि. ब. देवधर यांना कर्णधार केले गेले. देवधर हे थोर फलंदाज होते यात शंका नाही. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता, विठ्ठल यांना कोणत्या कारणाने वगळले हा होता. त्याच वर्षी धाकटे भाऊ गणपत यांचे अकाली निधन झाले होते. अशा दुःखाच्या काळात शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि ती का घेतली हे जाहीरपणे सांगितले. जातीमुळे होणारा हा अपमान आपण सहन करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. वृत्तपत्रांत चर्चा झाली, लोकमत हलले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन परतले. बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊही खेळायला आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेही थोड्या वेळापुरते, आणि तेही दुसऱ्याच्या सौजन्याने!

बाळूंची कारकीर्द येथेच जवळजवळ संपली. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 15.21 च्या सरासरीने 179 बळी, असा हिशेब मागे राहिला. पण त्यांनी आणि भावांनी जो दरवाजा ठोठावला तो तीन वर्षांनी उघडला. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले. विठ्ठल यांनी पुढे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. पालवणकरांची कथा आपल्यापर्यंत पोहोचण्यात त्या पुस्तकाचा वाटा आहे.

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 च्या जूनमध्ये लॉर्ड्स मैदानावर झाला तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. त्या दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. परंतु कसोटीच्या दिवशी ते बाजूला झाले आणि सी. के. नायडू यांनी संघाचे नेतृत्व केले. 1911 पासून 1932 पर्यंत एवढे अंतर आपले क्रिकेट चालून आले होते.

त्याच वर्षी बाळू वेगळ्याच मैदानावर उभे होते. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नसावेत या प्रश्नावर महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले आणि सप्टेंबर 1932 मध्ये पुणे करार झाला. त्या करारावर डॉ. आंबेडकरांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. बाळूंचा ओढा संयुक्त मतदारसंघाकडे होता. पुढे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही त्यांना पटली नाही. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. बाळू हरले. ज्यांना एके काळी बाळूंचा अभिमान वाटे त्यांच्याविरुद्ध त्यांना लढावे लागले, ही या चरित्रातील दुखरी जागा आहे. काही लोक यावरून बाळूंना दोष देतात. मला तसे करावेसे वाटत नाही. क्रिकेटमध्ये त्यांनी पाहिले होते की सवर्णांच्या संघातच राहून, चिवटपणे खेळून, थोडा थोडा मान मिळवता येतो. तोच मार्ग राजकारणातही उपयोगी पडेल असे त्यांना वाटले असावे. आंबेडकरांनी ओळखले होते की संघच दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर मान नेहमी उसना राहतो. कर्णधारपदासाठी आयुष्यभर वाट पाहिलेल्या माणसाला हे कळले नसेल असे मला वाटत नाही. पण दोघांनी उत्तरे वेगळी काढली. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

बाळूंच्या काळचे धर्मवार सामने 1937 पासून पंचरंगी झाले आणि 1946 नंतर ते बंद पडले. खेळाडूंची धर्मावरून वाटणी करू नये हे आपण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मान्य केले. जगाला हा धडा शिकायला आणखी वेळ लागला. 1968 च्या ऑगस्टमध्ये बेसिल डॉलिव्हेरा या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या, गोरा नसलेल्या खेळाडूने इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 धावा केल्या आणि तरीही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी प्रथम त्याला वगळण्यात आले. ओरड झाली, दुसऱ्या खेळाडूच्या माघारीमुळे त्याला घेतले गेले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो संघ नाकारला आणि दौरा रद्द झाला. 1970 पासून त्या देशाला कसोटी क्रिकेटची दारे बंद झाली. ती उघडली 1991 मध्ये, आणि त्यांचा पहिला सामना कोलकात्यात आपल्या देशाशी झाला. तेथेही धावांचा फलक निःपक्षपाती होता. घोटाळा होता तो समितीच्या खोलीत आणि सरकारच्या कचेरीत.

आपल्या देशात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशी मान्य करून क्रिकेट मंडळाच्या कारभाराला नियम घालून दिले. 2025 मध्ये संसदेने सर्व क्रीडासंघटनांसाठी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात खेळाडूंच्या प्रतिनिधींना आणि तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाला स्थान आहे. बाळूंना दाद मागायला अशी एकही जागा नव्हती. कायदा झाला ही चांगली गोष्ट आहे. परंतु खोलीचे दार उघडे ठेवण्याची सक्ती कायदा करू शकतो, आत बसलेल्या माणसाला पै यांच्यासारखे मन तो देऊ शकत नाही.

हे लिहिताना मला आमच्या गावाकडचे मैदान आठवते. मे महिन्यात आम्ही तेथे टेनिस चेंडूचे सामने भरवतो. एक मुलगा रोज सगळ्यांच्या आधी येई. तो दगड वेचायचा, चुन्याच्या रेषा मारायचा, खाजणात गेलेला चेंडू चिखलात उतरून आणायचा. आम्ही सराव करताना तो दुपारभर चेंडू टाकी. त्याचा हातही चांगला वळत असे. संघ निवडायची वेळ आली की मात्र त्याचे नाव कुणी घेत नसे, कारण तो आमच्या आळीतला नव्हता. त्याला कधी बॅट मिळाली नाही. तो संघ निवडणारा दुसरा कुणी नव्हता, मीच होतो. पूना क्लबात बाळूंना एकदाही फलंदाजी मिळाली नाही हे मी वाचले तेव्हा मला प्रथम साहेबांचा राग आला. मग हा मुलगा आठवला आणि राग कुणावर काढावा ते कळेना. समिती म्हणजे मुंबई-पुण्याच्या मोठ्या क्लबातली वयस्क माणसेच असे नव्हे. चार पोरांचा संघ निवडणारा कुणीही समितीच असतो.

त्या मुलाला शोधून बॅट देता येईल तेव्हा मी देईनच. पण येत्या मे महिन्यात आम्ही संघ निवडू तो सगळ्यांसमोर, मैदानात उभे राहून, आणि ज्याला घेतले नाही त्याला का घेतले नाही तेही सांगून, असे मी मित्रांना सांगितले आहे. दोघांनी होकार दिला, एकाने खांदे उडवले. आरंभाला एवढे पुरे.

उद्या पहाटेच्या गाडीत ती मुले पुन्हा चढतील. बी. बी. सी. आय. च्या त्याच रुळांवरून ती मैदानाकडे जातील. त्यांच्या बॅगेत बॅट असेल, पॅड असतील, डबा असेल. चहाच्या वेळी ती सगळ्यांच्या बरोबरीने आत बसतील. बाळूंनी एवढे त्यांच्यासाठी मिळवून ठेवले आहे. संघाच्या यादीवर त्यांचे नाव कुणी आणि कोणत्या कारणाने लिहिले किंवा खोडले, हे त्यांना विचारता आले पाहिजे. ते मिळवून देणे आता आपल्याकडे आहे.